आधी शिंगं, मग रंग : समुद्री गोगलगायी आणि आपले गैरसमज

पावसाळा लागला की बेगडेवाडीसारख्या गावात न्हाणीच्या ओल्या भिंतीवर, कुंडीखाली बिनशंखाची गोगलगाय निघते आणि घरातलं कुणीतरी चिमूटभर मीठ आणतं. मिठाने तिच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि ती मरते. मग समुद्रातली गोगलगाय खाऱ्या पाण्यात जगते कशी? तिच्या शरीरातले द्रवच जवळपास समुद्राइतके खारट असतात. तिला घातक असतं ते गोडं पाणी. म्हणून खडकातल्या डबक्यात ती दिसली, तर फोटो स्वच्छ यावा म्हणून बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतू नका.

हे रंगीत जीव भूमध्य समुद्रातच, फार तर अंदमान-लक्षद्वीपला, असंही अनेकांना वाटतं. भूमध्य समुद्राचं पाणी नितळ, त्यामुळे सुंदर फोटो तिथून येतात, एवढंच. गोनिओब्रँकस बॉम्बेयानस या जातीला 1946 मध्ये नाव मिळालं ते मुंबईवरून. विशाल भावे आणि दीपक आपटे यांनी 2011 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात रत्नागिरीच्या समुद्री गोगलगायींवर लेख लिहिला. त्यातल्या बऱ्याच जातींची महाराष्ट्रातली ती पहिलीच नोंद होती. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक 2017 पासून शहराच्या खडकाळ किनाऱ्यांवर सामान्य माणसांना हे जीव दाखवत आहेत.

त्यासाठी डायव्हिंग आलंच पाहिजे असंही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वांत खोल जाते, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत ती साधारण सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. पोटरीभर पाण्यात, दगडांच्या कडेला सावकाश पाहत गेलं तरी या गोगलगायी सापडतात.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र रंगाचा. जांभळी दिसली की जांभळ्या फोटोशी जुळवायची आणि नाव ठोकून द्यायचं. भूमध्य समुद्रातच याची फजिती होते. तिथे फ्लॅबेलिना अफिनिस आणि एडमंडसेला पेडाटा या दोन्ही जांभळ्या, दोन्ही बोटाच्या पेराएवढ्या, दोघींच्या पाठीवर बोटांसारख्या उंचवट्यांचे झुबके. फरक आहे डोक्यावरच्या शिंगांत, म्हणजे वास घेण्याच्या ऱ्हायनोफोरमध्ये. अफिनिसच्या शिंगांवर स्पष्ट कडी असतात, पेडाटाच्या शिंगांवर तशी कडी नसतात. फोटोत शिंगं धूसर आली तर तज्ज्ञालाही खात्रीने नाव सांगणं अवघड जातं. त्यात पाणी रंगही बदलतं. लाल छटा पहिल्या काही मीटरांतच विरते, म्हणून टॉर्च किंवा फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोतला रंग पुरावा म्हणून कच्चा.

भक्ष्यही तेवढंच बोलतं. तपकिरी ठिपक्यांची पांढरी पेल्टोडोरिस आट्रोमाक्युलाटा पेट्रोसिया नावाच्या स्पंजावर चरते. क्रॅटेना पेरेग्रिना झाडाच्या डहाळीसारख्या दिसणाऱ्या हायड्रॉइड या प्राण्यावर असते. नुकतंच खाऊन पोट भरलेला हायड्रॉइड ती अधिक पसंत करते, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणून जीवाच्या फोटोबरोबर तो कशावर बसला आहे याचाही फोटो घ्यावा.

कागदासारखा पातळ, झालरीसारखी कड हलवत जाणारा रंगीत जीव गोगलगाय असेलच असं नाही. चपटे कृमी हुबेहूब तसे दिसतात. पाठीच्या मागच्या भागात कल्ल्यांचा तुरा किंवा डोक्यावर ठसठशीत शिंगं आहेत का ते पाहा.

भडक रंगाची गोगलगाय माणसाला चावत नाही. काही जाती स्पंजातली रसायनं साठवतात, काही हायड्रॉइडच्या दंशपेशी स्वतःच्या पाठीवर वापरतात. हे सारं माशांना दूर ठेवण्यासाठी. ब्लूबॉटल हा दंश करणारा समुद्री जीव खाणारी ग्लॉकस ही गोगलगाय मात्र माणसालाही चांगलाच दंश करू शकते. तरी गोगलगायीला हात न लावण्याचं मुख्य कारण तिला होणारी इजा हे आहे. चांगल्या कोनासाठी तिला उचलून दुसऱ्या दगडावर ठेवणं मला अक्षम्य वाटतं: खाणं सुटतं, आणि भक्ष्याचा पुरावाही जातो.

महागडा कॅमेरा लागतो, हेही खरं नाही. जलरोधक आवरणातला, अगदी जवळून टिपणारा साधा कॅमेरा पुरतो. कोकणातल्या गढूळ पाण्यात फ्लॅश समोरून मारला की गाळाचे कण पांढरे ठिपके होऊन येतात. प्रकाश बाजूने द्या आणि जमेल तितके जवळ जा. तारकर्ली-मालवणला पहिल्यांदाच पाण्याखाली जाणार असाल तर कॅमेरा किनाऱ्यावर ठेवा. शरीर पाण्यात स्थिर ठेवता येत नसेल तर फिनचा फटका प्रवाळालाच बसतो.

वरून एक, बाजूने एक, समोरून शिंगांवर फोकस धरून एक, आणि आसपासचा एक, असे चार फोटो घ्या. सोबत तारीख, जागा, खोली आणि अंदाजे लांबी लिहून ठेवा, आणि नाव ठरलं नाही तर ते कोरं ठेवा. चुकीच्या नावापेक्षा बिननावाची पक्की नोंद अभ्यासकाच्या जास्त उपयोगाची असते.