वरच्या मजल्याचे भाडे

धाराशिव शहरात भाड्याने दिलेले पहिले घर बहुधा भाड्यासाठी म्हणून बांधलेले नसते. खाली स्वतःचा संसार, निवृत्तीच्या पैशातून वर चढवलेल्या दोन खोल्या, जिन्याखाली मोटारसायकलपुरती जागा आणि घराचे तोंड रस्त्याकडे असेल तर एक शटरचा गाळा, एवढीच मिळकत. मालक म्हणजे निवृत्त शिक्षक, एसटीचा कर्मचारी किंवा जमिनीचा मोबदला हातात आलेला शेतकरी. भाडेकरू बदलीवर आलेला कारकून, बँकेतला नवा अधिकारी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला किंवा विद्यापीठाच्या उपपरिसरातला विद्यार्थी. दोघांची गाठ पडते ती ओळखीतून. या व्यवहारातली गोडी त्या ओळखीत असते आणि गोमही तिथेच.

खोली बघायला आलेला माणूस फरशी नंतर बघतो, आधी पाण्याचे विचारतो. नळ किती दिवसांनी सुटतो, बोअर उन्हाळ्यात टिकते का, टँकर मागवावा लागला तर पैसे कोणी द्यायचे? शहराला भीमा नदीवरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने पाणी येते, तरी नळ रोज सुटेल याचा भरवसा नसतो. चार माणसांचे घर माणशी शंभर लिटरने दिवसाला चारशे लिटर पाणी वापरते. नळ आठ दिवसांनी आला तर ३,२०० लिटर साठा हवा, आणि तो फक्त भाडेकरूचा. गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवून खोल्या भाड्याने काढणाऱ्याला एप्रिलमध्ये याचा उलगडा होतो. खाली मालकाकडे पाहुणे आलेले असतात, वर टाकीचा तळ दिसतो आणि जिन्यात उभे राहून बोलाचाली सुरू होते. अनुभवी मालक म्हणून आधी जमिनीत हौद बांधतो, वरच्या मजल्याची टाकी वेगळी करतो आणि टँकरचा व मोटारीच्या विजेचा वाटा आधीच ठरवून टाकतो. या जिल्ह्यात घरमालक खोलीइतकेच पाणीही भाड्याने देत असतो.

मजला चढवण्याआधी खालच्या भिंती कशावर उभ्या आहेत ते पाहणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यातली बरीचशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या वजनाखाली गाडली गेली. जुन्या पेठेतल्या वाड्याची तशीच भिंत मजबूत दिसते म्हणून तिच्यावर स्लॅब टाकून भाडेकरू ठेवणे हा निव्वळ जुगार आहे. स्थापत्य अभियंत्याची फी आणि नगर परिषदेची बांधकाम परवानगी यांत वाचवलेला पैसा बचत म्हणून धरता येत नाही.

तयार घर किंवा प्लॉट विकत घेऊन भाड्याने देणाऱ्याला आणखी एक फाटा लागतो, तो निजामकाळातून आलेला. मराठवाड्यात मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी जमिनी पुष्कळ. त्यांतल्या काहींवर गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडून वस्त्या उभ्या राहिल्या, पण कागदोपत्री जमीन भोगवटादार वर्ग दोनचीच, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, राहिली. अशा मिळकतीत भाडेकरू सहज मिळतो, अडचण येते ती कर्ज काढताना आणि विकताना. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि मागच्या फेरफार नोंदी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

मात्र सर्वांत जास्त घोळ होतो तो करारात. इथली रीत सोपी आहे: ओळखीचा माणूस, तोंडी बोली, फार तर बाँडवर अकरा महिन्यांचा मजकूर आणि खाली नोटरीचा शिक्का. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत बाजारात पक्की बसली आहे. तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, कारण त्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही. महाराष्ट्रात ती सवलत उरलेली नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मराठवाड्यात तोवर चालू असलेला १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा रद्द केला. नव्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षेपेक्षाही जड तरतूद याच कलमात आहे: नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करणे मग मालकाकडे येते. ‘पाच हजार ठरले होते’ असे मालक म्हणतो, ‘तीन हजार’ असे भाडेकरू म्हणतो, आणि बाजू भाडेकरूची वरचढ राहते. तोंडी बोलीची खरी किंमत ती हीच.

नोंदणीचा खर्च पाहिला तर ती टाळण्याचे कारण समजत नाही. समजा भाडे महिना पाच हजार, डिपॉझिट वीस हजार आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडे ५५,००० रुपये. त्यात डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले १,८३३ रुपये मिळवायचे आणि बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क काढायचे. ते दीडशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी हद्दीनुसार पाचशे किंवा हजार रुपये. ही नोंदणी ऑनलाइनही होते, त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चकरा मारण्याची गरज नाही.

लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणारा जागा वापरण्याची परवानगी घेतो, जागेवर भाडेकरूचा हक्क त्याला मिळत नाही. राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. गाळ्याला हा जवळचा रस्ता नाही, तिथे दिवाणी दावा चालवावा लागतो. नुसता भाडेकरू म्हणून ठेवलेला माणूस नियमित भाडे देत असेल, तर मालकाच्या मनात आले म्हणून त्याला काढता येत नाही, कायद्यातली कारणे दाखवावी लागतात. थकबाकीसाठी दावा लावायचा तरी आधी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. तेवढा धीर न धरता नळ बंद करणे किंवा वीज तोडणे हा गुन्हा ठरतो, आणि चिडलेला नवखा मालक नेमका हाच मार्ग आधी धरतो. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे. तीही ‘आपल्याच माणसाला’ म्हणून दिली जात नाही.

हा ‘आपला माणूस’ शोधण्याच्या नादात खोली दाखवण्याआधी आडनाव विचारले जाते. मुसलमान, दलित आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलींना याच शहरात घर मिळवताना किती दारे वाजवावी लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की आडनावावरून भाडे वेळेवर येते की नाही याचा काहीच अंदाज लागत नाही. उलट नात्यातल्या किंवा गावाकडच्या माणसाकडे दोन महिन्यांचे भाडे थकले तर मागायची चोरी. नोकरीचे ओळखपत्र, मागच्या घरमालकाशी दोन मिनिटांचे बोलणे आणि पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती यांचा उपयोग जास्त होतो.

याच जिल्ह्यातल्या, तुळजाभवानीच्या तुळजापुरातले गणित वेगळे आहे. तिथे पुजाऱ्यांच्या घरी भाविकांनी उतरण्याची परंपरा जुनी, म्हणून खोली महिन्यावर देण्यापेक्षा रात्रीवर द्यावी असा मोह होतो. नवरात्रात आणि पौर्णिमेला पायरीवरही जागा मिळत नाही, एरवी आडवारी खोल्या रिकाम्या. चादरी धुणे, साफसफाई, येणाऱ्याची नोंद आणि व्यावसायिक दराची वीज, हे सगळे धरले तर तो भाड्याचा व्यवहार राहत नाही, लॉजचा धंदा होतो. त्याच गावात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र असल्याने महिन्यावर राहणारेही मिळतात. त्यांचे भाडे कमी, पण डोक्याला ताप त्याहून कमी.

पैशाचा हिशेब मालक सहसा करत नाही. आठ लाख घालून चढवलेल्या मजल्याचे पाच हजारांनी वर्षाला साठ हजार येतात असे तो धरतो. एक महिना खोली रिकामी गेली, घरपट्टी, रंग, गळणारा नळ आणि दर दोन-तीन वर्षांनी स्लॅबवरचे वॉटरप्रूफिंग यांत दहा हजार गेले, तर उरतात पंचेचाळीस. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. बँकेतल्या ठेवीची तुलना त्याने स्वतःच करावी. प्राप्तिकरात मात्र दिलासा आहे: मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती झालेली असो वा नसो.

उरतो विजेचा मीटर. एकाच मीटरवर दोन घरे चालवली की दर महिन्याला युनिटांवरून कुरबुर होते. सबमीटर लावला तर निदान आकड्यावरून वाद होत नाही, पण महावितरणचे बिल मालकाच्याच नावावर राहते आणि थकबाकीही. म्हणून किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचे रीडिंग लिहून घ्यावे, भिंती, खिडक्या, पंखे, टाकीचे झाकण यांचे फोटो काढावेत आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात. खोली सोडताना तोच कागद काढायचा, नवे रीडिंग घ्यायचे, शेवटचे बिल आणि मोडलेल्या वस्तूंचे पैसे वळते करायचे आणि बाकी डिपॉझिट त्याच दिवशी, पावती लिहून घेऊन परत करायचे.