दिवस मावळताना आलेल्याची मजुरी

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले आसगाव हे धानाच्या पट्ट्यातले गाव. या पट्ट्यात रोवणी लागली की मजुरीचा हिशेब सरळ असतो: जेवढे राबलात तेवढे घ्या. मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला नेमका हाच हिशेब मोडतो. पहाटेपासून राबलेल्याला धनी एक दिनार देतो आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही तेवढाच. पहाटेचे मजूर कुरकुरतात, आणि वरवर पाहता त्यांचे चुकत नाही. पण ठरल्यापैकी एक पैही त्यांना कमी मिळालेली नसते. शिवाय उशिरा आलेले आळशी नव्हते. दिवसभर ते चौकात उभे होते, पण त्यांना कोणी कामावर बोलावलेच नव्हते. दिनार ही तेव्हाची एका दिवसाची मजुरी. त्याहून कमी दिले असते, तर त्यांची चूल अर्धीच पेटली असती. ख्रिस्ती न्यायविचाराची सुरुवात या चुलीपाशी होते, आणि त्यातली आशाही मरणोत्तर स्वर्गाआधी आजच्या भाकरीची असते.

ही आशा हातांत कशी उतरते, ते पंडिता रमाबाईंच्या कामात दिसते. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायकांना आणले. केडगावच्या मुक्ती सदनात अन्नासोबत शिक्षण होते, विणकाम, शेती आणि छापखान्याचे कामही होते. बिनबोलावलेल्यांना तिथे काम मिळाले.

यावर जुना आक्षेप आहे: भुकेल्याच्या पानात धर्म वाढला जातो. 1893 साली याच संशयावरून रमाबाईंच्याच शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले होते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र त्याचे माप दाखल्यातच आहे. मळ्याचा धनी मजुराला त्याचा देव विचारत नाही. जिथे भाकरीला अट लागते, तिथे दाखलाच मोडतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: धन्याच्या औदार्यावर टिकणारा न्याय उद्या धनी बदलला की संपतो. हे खरेच आहे. म्हणूनच महाराष्ट्राचा 1977चा रोजगार हमी कायदा महत्त्वाचा ठरतो. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता, ही त्यातली तरतूद. जे धन्याने मनाने दिले, ते इथे मजुराला हक्काने मागता येते. श्रद्धेने अशा कायद्याच्या पाठीशी उभे राहावे. आणि दाखला वाचणाऱ्याने बांधीत कोण उतरले एवढेच मोजू नये. चौकात कोण उरले, तेही विचारावे.