दहा रुपयांचा कंडेन्सर

तर मंडळी, गुन्हा आधीच कबूल करते. आजोबांचा रेडिओ मीच जाळला.

गेल्या दिवाळीत वाईला आजीकडे गेले होते. माळ्यावर फराळाचे डबे शोधताना मागे हा सापडला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळीदार कापड आणि काचेच्या डायलवर दिल्ली, सिलोन अशी गावांची नावं. आजोबा गेल्यापासून कुणी लावलाच नव्हता. आजी म्हणाली, “अगं राहू दे, शॉकबिक लागेल.” पण मी पडले ई अँड टीसीची विद्यार्थिनी! थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन घातली. अर्ध्या मिनिटात आतले व्हॉल्व्ह लालसर झाले, स्पीकर घूंऽऽ करायला लागला आणि त्या घरघरीमागे कुणीतरी बोलत असल्याचा आवाज आला. आजी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तेवढ्यात घरघर वाढली, जळक्या मेणाचा वास सुटला आणि सगळं शांत.

आजी मला काहीच बोलली नाही. तिने फक्त खिडकी उघडली.

गावातला रिपेअरवाला म्हणाला, “हे सगळं भंगार काढतो, आत एफएमचं किट टाकतो, ब्लूटूथ पण चालेल.” म्हणजे बाहेरून आजोबांचा रेडिओ आणि आतून दोनशे रुपयांचा बोर्ड! मी पेटी उचलली आणि एसटीने हॉस्टेलवर आणली. (कंडक्टरने लगेजचं तिकीट घेतलं.)

प्रॅक्टिकलला आपल्याला चालू प्रोब शोधून देणाऱ्या आपल्या मामांनी तरुणपणी रेडिओ रिपेअरिंगचा कोर्स केलेला आहे, हे किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, आत डोकावले आणि म्हणाले, “पोरी, यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही. आधी हात खिशात घाल.”

का, ते सांगते. हा एसी/डीसी सेट. अशा सेटमध्ये व्हॉल्व्हचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे सिरीजमध्ये असतात. नावातच सगळी कुंडली असते. पहिलं अक्षर यू, म्हणजे हीटरचा करंट १०० मिलिअँपिअर. यूसीएच८१ ला १९ व्होल्ट, यूएफ८९ ला १२.६, यूबीसी८१ ला १४, यूएल८४ ला ४५ आणि रेक्टिफायर यूवाय८५ ला ३८. बेरीज १२८.६. २३० मधले उरलेले शंभरेक व्होल्ट एक जाडजूड रेझिस्टर खातो. ०.१ अँपिअरला १०० व्होल्ट म्हणजे १००० ओहम आणि १० वॅट. म्हणून तर पेटी मागून एवढी गरम होते! ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचला, पण मेन्सची एक वायर थेट चासीला जोडलेली. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी चासी फेजवर. नॉबच्या आतल्या स्क्रूवर मेण का भरलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. मी दिवाळीत ते मेण नखाने खरवडून काढलं होतं. मामांनी हे ऐकून कपाळाला हात लावला.

त्यानंतरचं सगळं काम लॅबमधल्या १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर आणि सिरीजमध्ये १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. वाईला हा बल्ब असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

जळलं होतं काय? आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याची प्रायमरी ओपन. तार केसाहून बारीक, मोटर रिवाइंडिंगवाल्यांनी हात जोडले. शेवटी जुन्या बाजारातून २३० ला ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला. गणित असं: टर्न्स रेशो साधारण २५.६, त्याचा वर्ग ६५०च्या आसपास, गुणिले स्पीकरचे ४ ओहम, म्हणजे २६०० ओहम. यूएल८४ ला हवे असतात साधारण २४००. चालतंय! फक्त प्रायमरीतून डीसी जातो, त्याने कोअर सॅच्युरेट होतो. म्हणून पत्रे सुटे करून सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मधे कागदाची पट्टी घातली. एअर गॅपवरचा ओरलचा प्रश्न आता मला जन्मात चुकणार नाही.

आता खरा आरोपी. यूबीसी८१ च्या प्लेटवरून आवाज यूएल८४ च्या ग्रिडवर नेणारा एक कागदी कंडेन्सर असतो. (आपण कपॅसिटर म्हणतो, मामांसमोर म्हणू नका.) त्याचं काम एकच, आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा. इतक्या वर्षांत कागदात ओल शिरते आणि तो डीसी झिरपू देतो. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तो साळसूद दिसला. मामा म्हणाले, “नऊ व्होल्टच्या बॅटरीसमोर सगळेच शहाणे असतात.” मग ग्रिडकडचा पाय सोडवला आणि सेट चालू केला. (यूएल८४ काढून ठेवता येत नाही, माळ तुटते.) प्लेटवर ७७ व्होल्ट होते. सुटलेल्या पायावर मीटरने ३८ दाखवले! मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगओहम आणि व्होल्टेज निम्मं, म्हणजे कंडेन्सरची गळतीही जवळपास १० मेगओहम. ऐकायला केवढा मोठा आकडा! पण ग्रिडचा रेझिस्टर १ मेगओहम, त्यामुळे ग्रिडवर ७७ भागिले ११, म्हणजे अधिक ७ व्होल्ट. यूएल८४ चा ग्रिड कॅथोडपेक्षा दहा-बारा व्होल्ट खाली असायला हवा. बायस गेला, करंट चढला, गरम झाल्यावर गळती आणखी वाढली आणि ट्रान्सफॉर्मर बिचारा बळी गेला.

नवीन ६३० व्होल्टचा पॉलिस्टर कंडेन्सर पासोड्या विठोबापाशी दहा रुपयांना मिळाला.

बाकी यादी छोटी. सगळे कागदी कंडेन्सर बदलले, मेन्सवरचा एक्स२ प्रकारचा घातला. २२० किलोओहमचा एक रेझिस्टर वाढत वाढत ३९० वर पोचला होता, तोही काढला. फिल्टरच्या ५० मायक्रोफॅरडच्या जागी ४७ बसवले. जास्त बरे म्हणून मी ४७० घालणार होते, पण तेवढ्या मोठ्या चार्जिंग करंटने यूवाय८५ मेला असता. आयएफटीच्या स्क्रूंना हातसुद्धा लावला नाही. तुम्हीही लावू नका. “जरा फिरवून बघू” करणाऱ्यांनी जितके सेट बिघडवले, तितके उंदरांनीही नाही, हे मामांचं मत. जुन्या कंडेन्सरच्या नळ्यांमधलं मेण वितळवून त्यात नवे लपवावेत असंही मनात होतं. सबमिशन आडवं आलं, त्यामुळे आत डोकावलं की नवे पिवळे ठिपके स्पष्ट दिसतात. जळका ट्रान्सफॉर्मर मात्र फेकला नाही. डबीत ठेवलाय, कधीतरी रिवाइंड करीन.

मे महिन्यात रेडिओ वाईला परत नेला, सोबत विकत घेतलेला १:१ ट्रान्सफॉर्मर. आजीने ट्रंकेतून एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी काढून दिली. डायल मीटरमध्ये असतो, म्हणून ३००ला ०.७९२ मेगाहर्ट्झने भागलं आणि ३७९ मीटरच्या खुणेशी काटा नेला. पुणे केंद्र लागलं. स्वच्छ नाही, पण लागलं.

आजी थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग पुढे येऊन तिने नॉब एवढासा मागे फिरवला. “ते एवढ्या मोठ्याने नाही लावायचे.”

शॉर्ट वेव्हवर अजून नुसती खरखर येते. बँड स्विचचे काँटॅक्ट काळे पडलेत. ते पुढच्या सुट्टीत.