‘पाळकाचा नियम’ व त्याच्या जुन्या प्रती

ख्रिस्ती मंडळीच्या पाळकानें स्वतःस कसें घडवावें व इतरांस कसें सांभाळावें, ह्या विषयावर पोप पहिला ग्रेगरी ह्यानें लॅटिन भाषेंत लिहिलेला ‘रेगुला पास्टोरालिस’ म्हणजे ‘पाळकाचा नियम’ हा ग्रंथ पाश्चात्य धर्मवाङ्मयांत प्रसिद्ध आहे. आमच्या वाचकांचें लक्ष त्याकडे वेधण्याचें कारण मात्र त्यांतील धर्मोपदेश हें नव्हे. ग्रंथकर्त्याच्या काळाची एक प्रत, व त्यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं एका राजानें रवाना केलेली भाषांतराची एक प्रत, अशा दोन प्रती आजही शिल्लक आहेत. आणि पाळकाच्या कामांतील खरी अडचण ह्या प्रतींवरून जितकी कळते तितकी उपदेशावरून कळत नाहीं, असें आमचें मत आहे.

ग्रेगरीचा जन्म इ. स. ५४० च्या सुमाराचा. तो प्रथम रोम नगराचा प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य मुलकी अधिकारी होता. पुढें तें पद टाकून त्यानें कीलियन टेकडीवरील आपल्या वडिलोपार्जित वाड्याचाच मठ केला. इ. स. ५८९ मध्यें टायबर नदीस मोठा पूर आला, पाठोपाठ सांथ पसरली व ५९० च्या आरंभीं पोप दुसरा पेलाजियस तिला बळी पडला. लोकांनीं ग्रेगरीस निवडलें. त्यानें तें टाळण्याची खटपट केली. परंतु ३ सप्टेंबर ५९० रोजीं त्याचा अभिषेक झालाच. ह्या टाळाटाळीबद्दल योहान नांवाच्या बिशपानें त्यास बोल लाविला, व त्यास उत्तर म्हणून हा ग्रंथ तयार झाला. हा योहान रावेन्ना येथील असावा असें सामान्यतः मानितात.

ग्रंथाचे भाग चार. या पदावर कोणी यावें, आलेल्यानें कसें वागावें, त्यानें कोणास कसें शिकवावें, आणि शेवटीं त्यानें स्वतःकडे कसें पाहावें. पहिल्या भागांतील युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. औषधींचे गुण ज्यास ठाऊक नाहींत तो शरीराचा वैद्य म्हणवून घेण्यास लाजतो, पण मनाचा वैद्य होण्यास मात्र अडाणीही धांवतात, अशी ग्रेगरीची तक्रार आहे. उलट पात्र असूनही जे एकांताच्या सुखासाठीं पळतात त्यांसही तो सोडीत नाहीं. आणि हा ठपका त्याच्या स्वतःवरच येतो, हें वाचणाऱ्यानें विसरूं नये. दुसऱ्या भागांत बाहेरच्या व्यवहारांत गुंतून अंतःकरण विसरणारा पाळक व अंतःकरणाच्या नादांत लोकांच्या गरजा विसरणारा पाळक, अशा दोघांसही त्यानें सारखेंच दोषी धरिलें आहे. तिसरा भाग सर्वांत मोठा, चाळीस प्रकरणांचा. गरीब व श्रीमंत, आनंदी व खिन्न, घाईचे व मंद, अशा जोड्या लावून प्रत्येकास निराळ्या रीतीनें कसें बोलावें हें तेथें सांगितलें आहे. चौथा भाग अगदींच त्रोटक आहे. त्यांत ग्रेगरी आपणांस कुरूप चितारी म्हणवितो. सुंदर पुरुषाचें चित्र काढलें, पण स्वतः मात्र अजून लाटांतच आहोंत, असें तो कबूल करितो.

ही कबुली केवळ शिष्टाचाराची आहे काय? येथें फ्रान्समधील त्र्वा येथील प्रत (क्रमांक ५०४) उपयोगी पडते. ती मोठ्या, गोलसर युन्शियल लिपींत, इ. स. ६०० च्या सुमारास रोम येथेंच लिहिलेली आहे. तींत मूळ मजकूर खरडून त्यावर पुन्हा लिहिलेलीं स्थळें आहेत, व ह्या दुरुस्त्या ग्रेगरीच्या स्वतःच्या लेखनशाळेंत झाल्या असें तज्ज्ञ मानितात. त्यांत ग्रेगरीचें स्वतःचें अक्षर आहे असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. डोमगांव मठांतील दासबोधाची प्रत समर्थांनीं स्वतः तपासली असें सांगतात. तेथें जी सावधगिरी आम्ही बाळगतों तीच येथें बाळगावी. तथापि पाळकाचें घडणें पुरें झालें असें मानून ग्रंथ हातावेगळा केलेला नाहीं, एवढें त्या खरडलेल्या चर्मपत्रावरून दिसतें.

दुसरी प्रत इंग्लंडांतील. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (राज्यारोहण ८७१) ह्यानें कांहीं विद्वानांच्या साह्यानें ह्या ग्रंथाचें जुन्या इंग्रजींत भाषांतर केलें. लॅटिन समजणारे धर्माधिकारी आपल्या राज्यांत जवळजवळ उरले नव्हते, हें तो प्रस्तावनेंत स्पष्ट सांगतो. ग्रेगरीपुढें पाळकाच्या मनाचा प्रश्न होता. आल्फ्रेडपुढें पुस्तक वाचूं शकणारा पाळक मिळण्याचाच होता. त्यानें बिशपांकडे एकेक प्रत व तिजबरोबर पन्नास मँकस किंमतीचें ‘एस्टेल’ पाठविलें, आणि तें पुस्तकापासून व पुस्तक मंदिरापासून कोणीं हलवूं नये अशी आज्ञा केली. एस्टेल म्हणजे ओळीवर फिरविण्याची कांडी असावी. १६९३ मध्यें नॉर्थ पेदरटन येथें सांपडलेला ‘आल्फ्रेडचा अलंकार’ हा अशाच कांडीची मूठ असावा, असें पुष्कळांचें मत आहे.

वूस्टरचा बिशप वेर्फर्थ ह्यास गेलेली प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत ‘हॅटन २०’ ह्या क्रमांकानें आहे. पहिल्या पानाच्या शिरोभागीं तिच्या रवानगीचा शेरा आहे. तींतील कांहीं टीपा पुढें वूस्टरचाच बिशप झालेला वुल्फस्टन (मृत्यु १०२३) ह्याच्या हातच्या आहेत, असें अक्षरावरून ठरविलें आहे. तेराव्या शतकांत तर कांपऱ्या हाताच्या एका अनाम टीपाकारानें जुन्या पडलेल्या शब्दांवर लॅटिन अर्थ लिहिले. अर्थ लावतां येईना, तरी पुस्तक सोडवेना, अशी ही स्थिति.

राजाज्ञा पुढें मोडलीच. सतराव्या शतकांत ही पोथी वूस्टरहून हॅटनच्या संग्रहांत गेली व १६७१ मध्यें बोडलियननें ती विकत घेतली. कॉटनच्या संग्रहांतील जोडप्रत १७३१ च्या आगींत भाजून निघाली. कोणत्या बिशपांस प्रती पोंचल्या ह्याची टीप त्याच प्रतींत होती. ती आज आपणांस ठाऊक आहे ती फ्रान्सिस्कस जूनियस ह्यानें आगीपूर्वीं उतरून ठेविलेल्या नकलेमुळें.