एचआयव्ही प्रतिबंध संशोधनातील लोकसहभाग

एचआयव्हीचा संसर्ग रोखणाऱ्या नव्या साधनांच्या शोधात, मानवी चाचण्यांत आणि वितरणात बाधित व जोखमीच्या समाजगटांनी घेतलेल्या संघटित वाट्यास एचआयव्ही प्रतिबंध संशोधनातील लोकसहभाग असे म्हणतात. लस, प्रतिबंधक गोळ्या, योनिमार्गात वापरावयाचे जेल व कडी आणि दीर्घकाळ परिणामकारक राहणारी इंजेक्शने ही अशी साधने होत.

पार्श्वभूमी

१९८३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सग्रस्तांनी आपल्याविषयीच्या निर्णयांत सहभागाचा हक्क मागितला. कंडोमचा वापर बहुधा पुरुषाच्या संमतीवर अवलंबून असल्याने, स्त्रीच्या हाती राहील अशा साधनाची मागणी १९९० च्या दशकात महिला आरोग्य चळवळीने लावून धरली.

कंबोडिया व कॅमेरून

टेनोफोविर या गोळीने संसर्ग टळतो काय, हे पाहण्यासाठी कंबोडियात देहविक्री करणाऱ्या स्त्रियांवर चाचणी योजण्यात आली होती. औषधाचे दुष्परिणाम झाल्यास दीर्घकालीन उपचारांची हमी कोण देणार, असा प्रश्न तेथील स्त्रियांच्या संघटनेने विचारला. ऑगस्ट २००४ मध्ये सरकारने ही चाचणी रद्द केली. आंदोलनानंतर कॅमेरूनमधील चाचणीही २००५ मध्ये थांबविण्यात आली. समाजाला विश्वासात न घेतल्यास उपयुक्त संशोधनही अडते, हे यातून स्पष्ट झाले.

मार्गदर्शक तत्त्वे

या अनुभवानंतर यूएनएड्स आणि एव्हॅक या संस्थांनी २००७ मध्ये सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०११ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. चाचणीच्या आखणीपासून निष्कर्ष कळविण्यापर्यंत समुदायाशी सल्लामसलत करणे आणि चाचणीकाळात बाधा झालेल्यांच्या उपचारांची तजवीज करणे, या गोष्टींवर त्यांत भर आहे.

सहभागाचे महत्त्व

आफ्रिकेतील 'व्हॉइस' चाचणीत ५,००० हून अधिक स्त्रिया होत्या. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातील एकही साधन परिणामकारक ठरले नाही. रक्ततपासणीत बहुसंख्य स्त्रियांनी औषध नियमित वापरलेच नसल्याचे आढळले. साधन प्रभावी असण्याइतकेच ते वापरणाऱ्याला पटणे व परवडणे आवश्यक असते, हा धडा त्यातून मिळाला. डॅपिव्हिरिन औषधाच्या योनिकडीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली.

अलीकडील घडामोडी

सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या लेनाकॅपाव्हिर इंजेक्शनाच्या २०२४ मधील चाचणीत, दक्षिण आफ्रिका व युगांडातील ते घेणाऱ्या २,१३४ मुली व तरुण स्त्रियांपैकी एकीलाही बाधा झाली नाही. त्याच वर्षी मूळ कंपनीने १२० देशांसाठी स्वस्त उत्पादनाचे परवाने दिले. परवानाधारकांत पुण्याच्या एम्क्युअरसह काही भारतीय कंपन्या आहेत. मात्र ब्राझील व अर्जेंटिना या चाचण्यांत सहभागी झालेल्या देशांचा त्या यादीत समावेश नव्हता. ज्यांनी चाचणीची जोखीम पत्करली त्यांनाच औषध परवडणार नसेल तर न्याय कसला, हा कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. त्यामुळे संशोधनाइतकाच किंमत व उपलब्धतेचा प्रश्नही आता या चळवळीच्या केंद्रस्थानी आला आहे.