मत्त, उन्मत्त आणि आर्त

ज्यांनीं केलेला व्यवहार असिद्ध समजावा अशा माणसांची गणना मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आली आहे. तींत मत्त, म्हणजे मद्य प्यालेला. उन्मत्त, म्हणजे बुद्धिभ्रंश झालेला. आणि आर्त, म्हणजे पीडेनें व्याकुळ झालेला, हे तिघे लागोपाठ पण वेगवेगळे सांगितले आहेत. तिघांचीहि चाल अडखळूं शकते, तिघांचेंहि बोलणें तुटक होऊं शकतें. परंतु कारण भिन्न, म्हणून नांव भिन्न, हा विवेक स्मृतिकारांनीं राखला. हाच विवेक आज अमेरिकेंतील पोलिस शिपायास भररस्त्यांत, रात्रीच्या अंधारांत, अर्ध्या मिनिटांत करावा लागतो. आणि त्याच्यासमोर उभा असलेला आर्त पुष्कळदां लढाईवरून परत आलेला सैनिक असतो.

अफगाणिस्तानांत 2001 सालीं व इराकांत 2003 सालीं अमेरिकेनें जीं युद्धें आरंभिलीं, त्यांत शत्रूचें मुख्य शस्त्र बंदूक नसून रस्त्याच्या कडेस पुरलेला स्फोटक गोळा हें होतें. चिलखत व शिरस्त्राण सुधारल्यामुळें पूर्वीं जे जागींच मेले असते ते वांचून घरीं आले. पण स्फोटाबरोबर उठणारी हवेच्या दाबाची लाट कवटी न फोडतांहि आंतल्या मेंदूस हिसडा देते, आणि मेंदूंतील बारीक तंतु ताणले जातात, कांहीं तुटतात. बाहेर व्रण नाहीं, छायाचित्रांतहि पुष्कळदां कांहीं दिसत नाहीं. 2000 सालापासून अमेरिकन सैन्यांतील पांच लाखांहून अधिक लोकांना मेंदूच्या आघाताचें निदान झालें आहे. सगळेच रणांगणावरचे नव्हेत. कवाइतींतले, वाहनांच्या अपघातांतले, खेळांतलेहि त्यांत आहेत. त्यांपैकीं पांचांतील चारांहून अधिकांस वैद्य ‘सौम्य’ म्हणतात. हा शब्द वैद्यांचा. घरच्या बायकांचा नव्हे. भांडें पडल्याच्या आवाजानें ताटावरून उठून जाणारा, दिव्याचा उजेड न सोसणारा, सकाळीं सांगितलेलें दुपारीं विसरणारा आणि क्षुल्लक गोष्टीवरून भडकून मागाहून रडणारा नवरा ज्या घरांत असतो, तेथें सौम्य म्हणजे काय हें निराळ्या रीतीनें कळतें.

हें दुखणें नवें नाहीं. पहिल्या महायुद्धांत, 1915 सालीं, चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत ‘शेल शॉक’ हें नांव छापलें, आणि ही पीडा देहाची कीं मनाची, हा वाद तेव्हांपासून चालू झाला. त्याच युद्धांत ब्रिटिश लष्करानें पळ काढल्याबद्दल, भ्याडपणाबद्दल वगैरे गोळ्या घातलेल्या 306 सैनिकांना ब्रिटिश पार्लमेंटानें 2006 सालीं माफी दिली. शेल शॉकसाठीं रुग्णालयांत राहून परत खंदकांत धाडलेलेहि त्यांत होते.

आतां रस्त्यावर येऊं. मोटार हांकणारा प्यालेला आहे कीं काय हें ठरविण्यासाठीं अमेरिकन पोलिस तीन परीक्षा घेतात. डोळ्यांपुढें लेखणी हालवून बुबुळें थरथरतात का तें पाहावयाचें. टांचेला अंगठा लावीत नऊ पावलें सरळ रेषेंत चालावयास व तसेंच वळून परत यावयास सांगावयाचें. आणि एका पायावर उभें करावयाचें. ज्याचा लहान मेंदू किंवा कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय दुखावलें आहे, असा माणूस मद्याचा थेंबहि न घेतां ह्या तिन्ही परीक्षांत नापास होऊं शकतो. पुढें श्वासाच्या यंत्रानें मद्याचा आरोप खोटा ठरेलहि; पण मग दुसरा कोणता अंमल चढला आहे, असा संशय सुरू होतो. दरम्यान दोघे-तिघे शिपाई एकदम ओरडून आज्ञा देत असतात, आणि तांबडेनिळे दिवे डोळ्यांत मारीत असतात. स्फोटानें कान गेलेला, एका वाक्याचा अर्थ लावावयास चार क्षण अधिक घेणारा हा माणूस पहिली आज्ञा उमगेपर्यंत तिसरी झालेली असते. कागद काढण्यासाठीं तो खिशाकडे हात नेतो, आणि येथेंच घात होतो. विलंबानें आलेली आज्ञाधारकता पोलिसाला अवज्ञा दिसते. वर्गांत उत्तर द्यावयास वेळ लावणारा मुलगा कित्येक शिक्षकांना उद्धट वाटतो, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं मास्तरांच्या हातीं छडी असते.

वेदांत्यांचा दोरीवर भासणारा साप येथें आठवतो. पण पोलिसाच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे : अमेरिकेंत घरोघर बंदुका आहेत, आणि सैनिकाला ती चालवितां येते. दोरी समजून उचललेला कधीं कधीं खरोखरच साप निघतो.

ह्या प्रसंगांना लागू पडणारा कायदा ज्या खटल्यानें ठरला तो सैनिकाचा नाहीं, मधुमेह्याचा आहे. 1984 सालीं उत्तर कॅरोलायनांतील शार्लट शहरीं ग्रॅहम नांवाचा मधुमेही गृहस्थ रक्तांतील साखर उतरूं लागली म्हणून संत्र्याचा रस घ्यावयास दुकानांत शिरला, आणि रांग पाहून धांवतच बाहेर आला. पोलिसाला संशय आला. त्यानें गाडी अडविली. ग्रॅहम भ्रमिष्टासारखा गाडीभोंवतीं धांवला, मग बेशुद्ध पडला. बेड्या पडल्या. आपला आजार तो सांगत होता, तरी हा केवळ दारू प्याला आहे असें एक शिपाई म्हणाला, आणि मित्रानें आणलेला रसहि त्याला पिऊं दिला नाहीं. पाय मोडला, खांदा दुखावला. 1989 सालीं ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ ह्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पोलिसाची कृति त्या क्षणीं त्या जागीं असलेल्या समंजस पोलिसाच्या दृष्टीनें तोलावी, मागाहूनच्या ज्ञानानें नव्हे. निकाल अगदींच अन्यायाचा म्हणवत नाहीं. पण मग सगळा भार एका प्रश्नावर येतो : समंजस पोलिसाला काय काय ठाऊक असावें ?

मेम्फिस शहरानें ह्याचें एक उत्तर काढलें. तेथें 1987 सालीं पोलिसांच्या गोळ्यांनीं एक मनोरुग्ण मेल्यावर, पुढल्या वर्षीं निवडक शिपायांना चाळीस तास शिकवून असल्या प्रसंगीं त्यांनाच धाडण्याची पद्धत सुरू झाली, आणि ती देशभर पसरली. तिचा मुख्य विषय मनोरोग; मेंदूच्या जखमेला तींत सहसा थोडाच वेळ मिळतो. बफेलो शहरांत न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनीं 2008 सालीं केवळ माजी सैनिकांसाठीं न्यायालय उघडलें. तुरुंगाऐवजीं उपचार, आणि सोबतीस दुसरा माजी सैनिक. तशीं न्यायालयें आतां पांचशेंहून अधिक आहेत. व्यवस्था उत्तम, पण तिचा लाभ जिवंतपणीं न्यायालयापर्यंत पोहोंचलेल्यालाच.

केवळ सौम्यपणानें काम भागेल असें मानणाऱ्यांनीं मेन संस्थानांतील लुइस्टनची हकीकत वाचावी. राखीव दलांतील एक चाळीस वर्षांचा सैनिक, प्रत्यक्ष युद्धांत कधीं न गेलेला, वर्षानुवर्षें छात्रांना हातगोळे फेंकावयास शिकवीत होता. हजारों लहान स्फोट त्याच्या मस्तकानें सोसले. 2023 च्या आरंभीं, लोक आपली निंदा करतात असें त्याला ऐकूं येऊं लागलें. मे महिन्यांत घरच्यांनीं पोलिसांना कळविलें. जुलैंत दोन आठवडे तो रुग्णालयांत होता. सप्टेंबरांत त्याच्याच एका सोबत्यानें, हा गोळीबार करील, असा इशारा दिला. शेरीफचा माणूस घरीं गेला, दार ठोठावलें, तें उघडलें नाहीं, आणि तो परतला. 25 ऑक्टोबरास त्या सैनिकानें अठरा माणसें मारलीं. दोन दिवसांनीं तो स्वतःहि मृत सांपडला. त्याला ताब्यांत घेऊन शस्त्रें काढून घेण्याइतका आधार पोलिसांपाशीं होता, असें चौकशी मंडळानें 2024 सालीं नमूद केलें. बोस्टन विद्यापीठांत त्याचा मेंदू तपासला, तेव्हां आंतील तंतूंचा मोठा ऱ्हास आढळला. हाच ऱ्हास कृत्याचें कारण, असें निश्चित म्हणण्याचें तज्ज्ञांनीं टाळलें. त्याच्या लक्षणांत मेंदूच्या इजेचा वांटा असावा इतकेंच सांगितलें. एकीकडे घाई नडते, दुसरीकडे आळस. आणि दोहोंच्या मुळाशीं, समोरच्या माणसाला काय झालें आहे हें न ओळखणें आहे.

इंग्लंडांत हेडवे ह्या संस्थेनें 2017 सालीं मेंदूस इजा झालेल्यांसाठीं, मग ते सैनिक असोत वा नसोत, एक ओळखपत्र काढलें. त्यावर छायाचित्र, त्या माणसाच्या अडचणी आणि अटक झाल्यास वकिलाची मदत मिळण्याचा दूरध्वनि असतो. ‘माझें बोलणें अडखळतें’, ‘मला वेळ लागतो’, एवढीं दोन वाक्यें छापील असलीं म्हणजे पुष्कळ निभावतें. अडचण एकच : पत्र खिशांत असतें. म्हणून घरच्यांनीं अशा माणसाकडून घटवून घ्यावयाचें तें हें, कीं दोन्ही हात चाकावर ठेवावे, आधीं तोंडानें सांगावें, आणि विचारल्यावांचून खिशाला हात लावूं नये. पोलिसांना बोलावण्याची पाळी घरच्यांवरच आली, तर तक्रारीच्या आधीं डोक्याच्या जखमेचें सांगावें, घरांत शस्त्र आहे कीं नाहीं तें सांगावें, आणि कोणाच्या आवाजानें तो शांत होतो तेंहि सांगावें.