टायरची धूळ आणि वलगणीचे मासे

मृगाचा पाऊस दणकून लागला, ओढे-वहाळ लाल पाण्याने फुगले की कोकणातली माणसे रात्री बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. वलगणीचे मासे चढायला लागलेले असतात. धारेच्या उलट उड्या घेत ते भातखाचरांपर्यंत पोचतात आणि तिथल्या उथळ, संथ पाण्यात अंडी घालतात. पहिला पाऊस हेच त्यांचे आवतण.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल शहरातही अशीच वलगण लागते. तिथे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात येते. कोहो सॅल्मन हा मासा गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, साधारण वर्ष-दीड वर्ष तिथे वाढून प्रशांत महासागरात जातो आणि तिसऱ्या वर्षी वास घेत घेत आपल्याच ओढ्याकडे परततो. आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या कुजणाऱ्या देहावर ओढ्यातले किडे वाढतात, त्या किड्यांवर पुढची पिल्ले वाढतात. हे चक्र हजारो वर्षे चालत आले आहे.

शहर वाढले तसे सिएटलचे ओढे गटारांसारखे झाले. १९९०च्या दशकात लोकांनी आणि प्रशासनाने ते पुन्हा जिवंत करायचे मनावर घेतले. अडथळे काढले, काठावर झाडे लावली. कोहो परतले. पण मोठा पाऊस पडून गेला की हे मासे पृष्ठभागावर तोंड वासून गोल गोल फिरत, पर ताठ होत, तोल जाऊन आडवे होत आणि काही तासांत मरत. माद्यांची पोटे चिरून पाहिली तेव्हा अंडी बहुतेक जशीच्या तशी आत होती. पश्चिम सिएटलमधल्या लाँगफेलो ओढ्यावर शास्त्रज्ञांनी २००२ ते २००९ अशी आठ वर्षे नोंदी ठेवल्या. परत आलेल्या कोहोंपैकी ६० ते १०० टक्के दरवर्षी अंडी घालण्याआधीच मरत होते. शहराबाहेरच्या एका ओढ्यावर २००२ साली हेच प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

मग सुरू झाला शोध. अमेरिकेच्या सागर आणि वातावरण संस्थेचे, म्हणजे ‘नोआ’चे नॅथॅनिएल शोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक संशयित तपासला. पाण्यातला प्राणवायू पुरेसा होता. तापमान ठीक होते. रोगजंतूंचा पुरावा नव्हता. कीटकनाशके, जड धातू, तेलातली हायड्रोकार्बन्स यांतले कशानेच कोडे सुटेना. रस्त्यावरच्या पाण्यात आढळणारे धातू आणि हायड्रोकार्बन्स प्रयोगशाळेत एकत्र करून त्या पाण्यात मासे सोडले, तरी ते जगले. मात्र सिएटलला रेडमंडशी जोडणाऱ्या ५२० क्रमांकाच्या महामार्गावरून वाहून आलेले खरे पावसाचे पाणी वापरले, तेव्हा मासे दिवसभरात मेले.

खुनी रस्त्यावर होता, एवढे नक्की झाले. तो कोण, हे शोधायला टॅकोमा इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे एडवर्ड कोलोजे आणि झेन्यू तियान पुढे आले. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या जेनिफर मॅकिन्टायर त्यांच्यासोबत होत्या. मासे मेलेल्या पाण्याचा रासायनिक ठसा झिजलेल्या टायरच्या ठशाशी जुळत होता. म्हणून त्यांनी टायर किसले आणि तो कीस पाण्यात भिजवला. त्या पाण्यात मासे मेले. पण त्यात दोन हजारांहून अधिक रसायने होती. गव्हातले खडे निवडावेत तसे त्यांनी हे मिश्रण पुन्हा पुन्हा वेगळे केले. जो भाग माशांना मारी तो ठेवायचा, बाकीचा सोडून द्यायचा. शेवटी एकच रेणू उरला. त्यात कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू होते.

टायरमध्ये घालतात त्या रसायनांच्या यादीत असा रेणूच नव्हता. तियान यांना खेळाच्या मैदानांवर पसरतात त्या रबराच्या चुऱ्यावरचा एक सरकारी अहवाल आठवला. त्यात १८ कार्बन, २४ हायड्रोजन आणि २ नायट्रोजन असलेल्या एका पदार्थाचा उल्लेख होता. या पदार्थातले दोन हायड्रोजन गेले आणि दोन ऑक्सिजन आले, तर? कोडे तिथे सुटले. त्या मूळ पदार्थाचे नाव ६-पीपीडी.

६-पीपीडी टायरमध्ये घालतात ते आपल्याच सुरक्षेसाठी. हवेतला ओझोन रबराच्या लांब साखळ्या तोडतो, टायरला भेगा पडतात आणि धावत्या गाडीचा टायर फुटू शकतो. ६-पीपीडी हळूहळू टायरच्या पृष्ठभागाकडे सरकते आणि ओझोनचा घाव स्वतःवर घेते. गेली कित्येक दशके जगातल्या जवळपास प्रत्येक टायरमध्ये ते आहे. मात्र ओझोनशी लढताना त्याचे रूप बदलते आणि ६-पीपीडी-क्विनोन तयार होते. ब्रेक दाबताना, वळण घेताना टायर झिजतो, त्याची बारीक काळी धूळ रस्त्यावर साचते आणि पहिला जोराचा पाऊस ती ओढ्यात लोटतो. माशांना घरी बोलावणारा पाऊसच त्यांच्या घरात विष घेऊन येतो. डिसेंबर २०२०मध्ये हा शोध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हे विष किती तीव्र आहे? लिटरभर पाण्यात अवघे ९५ नॅनोग्रॅम असले, तरी २४ तासांत निम्मे कोहो मरतात. आपल्याकडे पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. असे हजार टँकर पाणी या पातळीपर्यंत विषारी करायला या पदार्थाचा एक ग्रॅम पुरतो. या विषामुळे माशाच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि मेंदूला वेढणारा संरक्षक पडदाही गळू लागतो. त्याच ओढ्यात चढणाऱ्या चम सॅल्मनला मात्र काही होत नाही. ब्रूक ट्राउट आणि रेनबो ट्राउट कोहोप्रमाणे मरतात, ‘आर्क्टिक चार’ हा मासा तगतो. एकाच जातीच्या माशावर चाचणी घेऊन सगळे पाणी सुरक्षित ठरवणे किती धोक्याचे आहे, ते यावरून कळते.

माणसाचा यात वाटा फक्त गुन्हेगाराचा नाही. टायरची धूळ हवेतल्या सूक्ष्म कणांतही असते. दक्षिण चीनमध्ये २०२२ साली झालेल्या एका अभ्यासात प्रौढांच्या, मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या लघवीत ६-पीपीडी आणि त्याचे क्विनोन सापडले. माणसाच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, यावर संशोधन चालू आहे. पण ते रस्त्यावरून आपल्या शरीरापर्यंत पोचले आहे, एवढे तर स्पष्ट आहे. विजेवरची गाडी आली की धूर जाईल, टायर मात्र झिजतच राहतील.

सिएटलच्या प्युजेट साउंड या खाडीच्या काठी राहणाऱ्या मूलनिवासी जमातींसाठी सॅल्मन हा अन्न, धर्म आणि हक्क आहे. १८५०च्या दशकात त्यांनी जमीन दिली ती मासेमारीचा हक्क राखून, आणि १९७४मध्ये न्यायालयाने पकडता येणाऱ्या माशांत त्यांचा निम्मा वाटा मान्य केला. पण मासेच उरले नाहीत, तर निम्मा वाटा कशाचा? म्हणून ऑगस्ट २०२३मध्ये वॉशिंग्टनमधल्या प्युआलप आणि पोर्ट गँबल स्क्लॅलम या जमातींनी कॅलिफोर्नियातल्या युरोक जमातीसह टायरमधल्या ६-पीपीडीविरुद्ध केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला. त्याच नोव्हेंबरात तो मान्य झाला. कॅलिफोर्निया राज्यानेही ऑक्टोबर २०२३पासून टायर कंपन्यांना पर्याय शोधण्याचे बंधन घातले. पर्याय सोपा नाही. तो टायर तितकाच टिकवणारा हवा आणि ओझोन लागल्यावर स्वतः विष होणारा नको.

तोवर माशांना वाचवणारा उपाय पायाखालीच आहे. ५२० महामार्गाचे तेच जीवघेणे पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडांच्या सालीच्या चुऱ्यातून गाळून घेतले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात गाळलेल्या पाण्यातले सगळे कोहो जगले. मारेकऱ्याचे नाव कळायच्या चार वर्षे आधीच मातीने त्याला अडवून दाखवले होते. सिएटल परिसरात आता रस्त्यांच्या कडेला आणि घरांपुढे खोलगट वाफे करून त्यांत पावसाचे पाणी जिरवतात.

या प्रकरणातून दोन गोष्टी आपण शिकायला हव्यात. एखादे रसायन बाजारात आणताना ते आज काय आहे एवढेच पाहून भागणार नाही. ऊन, हवा आणि पाणी लागल्यावर उद्या त्याचे काय होते, हेही कंपन्यांकडून तपासून घेतले पाहिजे आणि कायद्यात तसे लिहिले पाहिजे. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्याकडे रस्ता रुंद झाला की कडेची माती काँक्रीटने झाकली जाते आणि पावसाचे पाणी पाइपातून थेट ओढ्यात, नदीत सोडले जाते. आपल्या वलगणीच्या माशांवर टायरच्या या धुळीचा काय परिणाम होतो, हे आपल्या विद्यापीठांनी तपासावे. त्या उत्तराची वाट न पाहता नगरपालिकांनी, ग्रामपंचायतींनी आणि सोसायट्यांनी रस्त्याकडेची चार हात माती उघडी ठेवावी. ओढ्यात उतरण्याआधी पावसाच्या पाण्याला तिच्यातून जाऊ द्यावे.